संगीत नाटकातील वास्तवाचा स्वर

संगीत नाटक आणि वास्तव यांचे मुळातच वाकडे आहे, असे पुष्कळांना वाटते. घरात संकट कोसळले असता कोणी तंबोऱ्याच्या सुरात गात नाही. तेव्हा जेथे गाणे आले तेथे खरेपणा संपला, असा हा युक्तिवाद आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. आपल्या सामाजिक जीवनातील काही अत्यंत कटू सत्ये प्रथम प्रभावीपणे उच्चारली गेली ती संगीत नाटकातच, आणि तीही पदांच्या साह्याने.

१८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या परंपरेत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधाराकडे असे. पात्रे प्रसंगानुसार उत्स्फूर्त बोलत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि ही घडी बदलली. आज कर्नाटकात असलेल्या गुर्लहोसूर या गावी जन्मलेल्या या नाटककाराने पद थेट पात्राच्या मुखी दिले. साकी, दिंडी यांसारख्या कीर्तनातून कानावर रुळलेल्या रचनांतून शकुंतला स्वतःची व्यथा स्वतः गाऊ लागली. वास्तवाकडे जाणारी ही पहिली पायरी होय. तथापि कथा पुराणातलीच राहिली. आश्रमातील कन्येचे दुःख ऐकून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी परतला की शेजारच्या कन्येच्या दुःखाकडे पाठ फिरवू शकत होता.

ही सोय गोविंद बल्लाळ देवलांनी हिरावून घेतली. किर्लोस्करांचे शिष्य असलेल्या देवलांची बहुतेक नाटके रूपांतरित. स्वतंत्र असे एकच, १८९९ सालचे 'संगीत शारदा'. त्याचा विषय जरठकुमारीविवाह. धनलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या श्रीमंत थेरड्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ सौदा जुळवून आणतो. आई इंदिराकाकू तळमळते. पण त्या घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. यांतील एकही माणूस पुराणातला नव्हता. असा बाप, असा मध्यस्थ आणि असा नवरदेव पुढच्याच रांगेत बसलेला असण्याचा संभव होता.

या नाटकात पदांनी कोणते कार्य केले, हे पाहण्यासारखे आहे. बापापुढे तोंड उघडण्याची त्या काळच्या मुलीला मुभा नव्हती. व्यवहारात जे तिला बोलता येत नव्हते, ते शारदा पदातून बोलते. मैत्रिणींच्या थट्टेच्या पदांत हसू आहे. पण त्या हसण्याआड प्रत्येकीला आपल्याही वाट्याला हेच येईल ही धास्ती आहे. चाली सोप्या, शब्द घरगुती. म्हणूनच ती पदे नाट्यगृहाबाहेर पडून माजघरापर्यंत पोहोचली. येथे गाणे वास्तवाच्या आड आले नाही. मुक्या मुलीला त्याने वाचा दिली.

देवलांची वास्तवदृष्टी शेवटाकडे अधिकच प्रखर होते. तरुण कोदंड हे लग्न थांबवतो. परंतु ते थांबते मुलीच्या अश्रूंमुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्यामुळे! समाज कशाला भितो आणि कशाला भीत नाही, यावर याहून बोचरे भाष्य कोणते असू शकेल? त्यातून सुटलेली शारदा लोकनिंदेच्या भीतीने नदीकडे धावते, आणि कोदंड तिला वाचवतो.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे उचित ठरेल. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते या नाटकावरून, असे अनेकजण समजतात. वस्तुतः ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून आले. परंतु महाराष्ट्राच्या कानाला 'सारडा'चे 'शारदा' इतक्या सहजतेने ऐकू यावे, यातच देवलांच्या नायिकेने मनामनांत मिळवलेले स्थान दिसते.

याच वाटेने पुढे १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. ते पाहण्यास गडकरी हयात नव्हते; त्यातील पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. भरजरी शालूंसाठी ख्यातनाम असलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र त्या एका वस्त्राने पुरे केले.

अर्थात याच काळात 'वन्स मोअर'च्या हौसेपायी नाटकाची मैफल होण्याचा दोषही वाढला. त्याला उत्तर म्हणून १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. मोजकी पदे, आणि स्त्रीभूमिकेत प्रत्यक्ष स्त्रिया, हे त्याचे विशेष. गोमंतकात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या. पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'तही त्याच नायिका झाल्या. जी व्यथा पूर्वी पुरुष नट स्त्रीवेषात गात, ती आता स्त्रीच गाऊ लागली.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळांतून नाट्यपदांचे कार्यक्रम आवडीने होतात. मुले मराठी शाळेत गेली नसली तरी एखादे पद तयारीने म्हणतात, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. तथापि पद सुटे झाले की त्यातला राग उरतो आणि माणूस हरवतो. ते कोण म्हणते, कोणत्या संकटात म्हणते आणि त्याला बोलून ते का सांगता येत नाही, हेही मुलांना आवर्जून सांगावे असे आम्हांस वाटते. स्वर त्यांच्या गळ्यात आहेच. त्यामागची शारदा आणि सिंधू त्यांच्या ओळखीच्या झाल्या, म्हणजे आपला वारसा खऱ्या अर्थाने त्यांच्या हाती गेला असे म्हणता येईल.