रणविमानांची रंगकथा

अहिवाऱ्याजवळ नंदिनीची धावपट्टी असल्यामुळे विमान ही वस्तू इकडच्या मराठी कुटुंबांना सर्वस्वी अपरिचित नाही. परंतु विमानाच्या अंगावरील रंगांनाही स्वतःचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाशी एका मुंबईकर तरुणाचे नाव निगडित आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हाचे विमान म्हणजे बहुधा लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले लिननचे कापड. त्या कापडावर ‘डोप’ नावाचे वार्निशासारखे द्रव्य चढवीत, म्हणजे ते आवळून मृदंगाच्या पुडीसारखे ताठ होई. मात्र उन्हाने ते लवकर विरे. यास्तव इंग्रजांनी डोपमध्ये पिवळी माती व काजळी मिसळून ‘पी. सी. १०’ हा हिरवट तपकिरी लेप सिद्ध केला. कापडाचे रक्षण आणि शत्रूच्या दृष्टीपासून लपणे, ही दोन्ही कार्ये त्याने साधली. जर्मनांनी पुढे बहुरंगी बहुकोनी ठशांचे छापील कापडच वापरात आणले. त्यामुळे रंगाचे वजन व रंगाऱ्याचे श्रम वाचले.

लपणे जितके अगत्याचे, तितकेच ओळखू येणेही. आरंभी खंदकांतील शिपाई उडते यंत्र दिसताच, ते कोणाचे याची शहानिशा न करता गोळ्या झाडीत. इंग्रजांनी पंखांखाली युनियन जॅक रंगविला. पण दुरून त्यातील क्रूसच तेवढा दिसे आणि तो जर्मन क्रूसासारखा भासे. अखेर त्यांनी फ्रेंचांचे वर्तुळचिन्ह उचलले व रंगांचा क्रम उलटा केला. फ्रेंचांचा मध्य निळा, इंग्रजांचा तांबडा.

१९१७ मध्ये जर्मन वैमानिक रिख्थोफेन याने आपले विमान तांबडेभडक रंगविले. त्याच्या सहकाऱ्यांनी तांबड्याला आपापल्या आवडीच्या रंगाची जोड दिली, आणि इंग्रज त्यांना ‘उडती सर्कस’ म्हणू लागले. यात मिरवण्याची हौस होतीच. परंतु आकाशातील झटापटीत आपला सोबती क्षणात ओळखू यावा, ही व्यावहारिक गरजही होती.

याच रणांगणावर मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर लढले. रॉयल एअर फोर्सच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते ‘सॉपविथ डॉल्फिन’ चालवीत. या विमानाचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे बसविलेला असे. त्याच्या या विलक्षण ठेवणीमुळे सुरुवातीस दोस्त वैमानिकांनीच त्याला जर्मन समजून हल्ले केले होते. अंगावर वर्तुळ असूनही ओळख पटली नाही! जून १९१८ च्या अखेरीस वेलिंकरांना वीरमरण आले. फ्रान्समधील हांगार येथे ते चिरनिद्रा घेत आहेत. ज्या चिन्हाखाली त्यांनी प्राण वेचले, ते त्यांच्या देशाचे नव्हते.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदल स्थापन झाले, तरी विमानांवरील वर्तुळ इंग्रजांचेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या वर्तुळातील तांबडा मध्य पुसावा लागला. १९१४ चाच पेच पुन्हा उभा राहिला होता.

स्वातंत्र्यानंतर प्रथम अशोकचक्र विमानांवर आले आणि १९५० पासून केशरी, पांढरा व हिरवा यांचे वर्तुळ विराजमान झाले. १९७६ साली हृषीकेश मुळगावकर वायुदलप्रमुख झाले, तेव्हा त्यांच्या आज्ञेतील प्रत्येक लढाऊ विमानावर हेच आपले रंग होते. वेलिंकरांच्या समाधीपासून या पदापर्यंतचा काळ अवघा अठ्ठावन्न वर्षांचा. एका मनुष्याच्या आयुष्यात मावेल एवढाच. आकाशातून जाणाऱ्या विमानावरील ते लहानसे तिरंगी वर्तुळ मुलाबाळांना दाखविताना, ते नसताना लढलेल्या त्या मुंबईकराचे नावही त्यांच्या कानी घालावे.