नदीकांठचे वाटेकरी

पुण्याचा इतिहास म्हटला म्हणजे शनिवारवाडा आणि पर्वती यांची आठवण प्रथम होते. परंतु या दोहोंहून फार जुनी अशी एक सत्ता या नगराच्या मध्यांतून वाहत आली आहे. मुठा नदी सह्याद्रीच्या डोंगरांतून येऊन संगमावर मुळेस मिळते, व पुढें मुळा-मुठा या जोडनांवानें पूर्वेस भीमेकडे जाते. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहावें आणि उन्हाळ्यांत अंग चोरून राहावें, हा तिचा मूळचा स्वभाव. अशा नदीचें पात्र म्हणजे वैशाखांत दिसणारी धार नव्हे. आषाढांत ती जेथवर पसरते, तेथवरची भूमि तिचीच होय. या भूमीचे पूर्वापार तीन वाटेकरी : शेत, मासा आणि पूर. शहर हा मागाहून आलेला चौथा.

शेताचा आणि पुराचा संबंध वैराचा वाटतो. वस्तुतः तो देण्याघेण्याचा आहे. पूर एखादें पीक नेतो, पण ओसरतांना गाळ ठेवून जातो. या गाळाच्या जमिनीस आपल्याकडे मळई म्हणतात. तिच्यांत ओल टिकते, आणि थोड्या खतावरहि भाजीपाला जोमानें येतो. माशाचेंहि तसेंच. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी उतरूं लागलें कीं अनेक जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि कांठच्या उथळ पाण्यांत अंडीं घालतात. बुडालेल्या गवताच्या आडोशानें पिल्लें वाढतात. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांवर १८३९ च्या सुमारास निबंध लिहिला. ‘खुद्री’, ‘कोळस’ हीं देशी नांवेंच त्यानें शास्त्रीय नांवांत गोंविलीं. त्यांपैकीं खुद्री, म्हणजे महाशीर जातीचा मोठा मासा, पुण्याच्या पूर्वेस याच नदींत त्याच्या दृष्टीस पडला होता. १९४२ सालीं फ्रेझर यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत पुण्याच्या माशांची दखल घेतली. एके काळीं ही नदी किती संपन्न होती, याचे हे साक्षीदार होत.

या वांटणींत पहिला मोठा बदल खडकवासल्याच्या धरणानें झाला. फाइफ या इंजिनियराच्या योजनेनुसार तें १८७९ च्या सुमारास पुरें झालें. शहरास पाणी मिळालें. कालव्यामुळें हडपसर-लोणीकडील शिवारें बागाईत झालीं. हा लाभ लहान नव्हे. परंतु माशांची वरची वाट बंद झाली, आणि लहानसहान पूर धरणांत अडूं लागल्यामुळें नदीकांठची जमीन मोकळीच पडली आहे, असा शहराचा समज होत गेला.

तो समज १२ जुलै १९६१ रोजीं मोडला. त्या दिवशीं मुठेच्या खोऱ्यांतील पानशेतचें नवें मातीचें धरण फुटलें, आणि त्या लोंढ्यापुढें खडकवासलाहि टिकलें नाहीं. लकडी पुलावरून पाणी गेलें. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील नदीलगतचे वाडे कोसळले. हा पूर निसर्गाचा नव्हता, मनुष्याच्या घाईचा होता. तथापि नदीची जुनी वाट कोणती, हें त्यानें घराघराच्या भिंतीवर लिहून ठेवलें.

पुढें सरकारनें पूररेषा आंखल्या. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आंत इमारत नसावी, शेत, बाग वा मैदान असावें, असा त्यांतील आशय. म्हणजे जुन्या वाटेकऱ्यांचाच हक्क नव्या शब्दांत मान्य झाला. परंतु रेषा कागदावर राहिली व वस्ती नदीकडे सरकत गेली. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सेकंदास सुमारें ३५ हजार घनफूट पाणी सोडलें असतां सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पाणी शिरलें. नदीकांठ सुधारण्याच्या महापालिकेच्या सुमारें ४४ किलोमीटर लांबीच्या योजनेविषयींहि हाच वाद आहे. पुराचें पाणी वाहून नेण्याची शक्ति वाढेल, असें योजनेचे समर्थक म्हणतात. बांधांमुळें पात्र आक्रसेल, असें विरोधक म्हणतात.

या प्रश्नावर हॉलंड देशाचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. बांध उंच करण्यांत त्या लोकांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेथें १९९५ च्या पुरांत सुमारें अडीच लक्ष लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्यानंतर त्यांनीं बांध आणखी चढविण्याऐवजीं कित्येक ठिकाणीं ते मागें सरकवून नदीला जागा दिली. ओव्हरडीप नांवाच्या खोलगट भागांत शेतकऱ्यांचीं घरें उंच टेकाडांवर बांधलीं. मोठ्या पुरांत शेतें बुडतात, पण घर आणि खालचीं शहरें वांचतात.

पुण्याची नदी लहान व वस्ती दाट. तेथील उपाय जसाचा तसा येथें चालणार नाहीं. परंतु तत्त्व घेतां येईल. जी मळई अद्याप उघडी आहे, तिच्यावर पीक घ्यावें. वर्षांतून कांहीं दिवस पाणी आणि मासे यांनीं तेथें यावें. आणि ज्या शेतकऱ्याचें पीक शहराच्या रक्षणासाठीं बुडालें, त्याला शहरानें भरपाई द्यावी. ओढे मोकळे ठेवावे, व मैलापाणी शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये. कारण घाण पाण्यांत मासा परत येत नाहीं. भावकीच्या वांटणींत एकाचा हिस्सा दडपला तर तो पुढें व्याजासह मागतो. नदीहि तशीच आहे. फरक इतकाच, कीं ती तारीख घालून देत नाहीं.