दुखणें अंगावर काढणारें यंत्र

घरांतील संगणक मंद चालूं लागला, कीं त्याचें वय झालें असें म्हणून मंडळी मोकळी होतात. परंतु यंत्राला माणसाप्रमाणें थकवा येत नाहीं. नव्या प्रोग्रॅमांचा भार वाढल्यानें तें मागें पडतें, हें खरें. पण कालपर्यंत जें काम तें चटकन् करीत होतें, तेंच काम, नवें कांहीं घातलेलें नसतांही, आज त्याला जड जाऊं लागलें, तर आंत कोठें तरी बिघाड झाला असून यंत्र तें दुखणें अंगावर काढीत आहे, अशी शंका घेणें युक्त होय. संगणकाला ही संवय जन्मतः नव्हती; ती त्याला शिकविण्यांत आली. तिचा इतिहास पाहिला, म्हणजे मंदपणाचें निदान कसें करावें, हेंही उमजूं लागतें.

१९४६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत जगापुढें आलेल्या ‘एनिॲक’ यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. एक नळी जळाली, तरी उत्तर चुकण्याचें भय असे, आणि ती शोधून बदलीपर्यंत काम खोळंबे. नळ्या बहुधा तापतांना वा निवतांना जातात, असें आढळल्यावरून हें यंत्र शक्य तोंवर बंदच करावयाचें नाहीं, असा परिपाठ पडला. त्या काळचें यंत्र एक तर धडपणें चाले, नाहीं तर उघडपणें बिघडे.

याच सुमारास बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ रिलेंच्या, म्हणजे विद्युच्चुंबकानें उघडझाप होणाऱ्या कळांच्या, संगणकावर काम करीत. त्यांची पाळी सुटीच्या दिवशीं येई. चूक झाली, कीं यंत्र ती ओळखी. पण दुरुस्तीला माणूस नसल्यानें तें हातचें काम टाकून पुढचें घेई. असें दोनदां काम वायां गेल्यावर हॅमिंग यांना प्रश्न पडला, कीं यंत्राला चूक ओळखतां येते, तर तिची जागा शोधून ती सुधारतां कां येऊं नये? त्यांतून निघालेली पद्धति त्यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केली. मूळ अंकांत कांहीं जादा अंक अशा रीतीनें गुंफावयाचे, कीं एखादा अंक बिघडल्यास कोणता तो कळावा, असें तिचें सार होतें. यंत्रें चूक पोटांत घालण्यास शिकलीं, तीं अशीं.

टेबलावरच्या संगणकांत मात्र प्रारंभीं जुनाच बाणा होता. १९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत मेमरीच्या दर आठ अंकांमागें एक नववा अंक पहारेकरी म्हणून असे, आणि हिशेब न जुळल्यास यंत्र तेथेंच थांबे. पुढें बहुतेक घरगुती संगणकांतून हा पहारेकरी काटकसरीसाठीं गाळण्यांत आला. म्हणूनच खराब मेमरी सहसा मंदपणानें प्रकट होत नाहीं. काम चालूं असतां यंत्र एकाएकीं बंद पडतें.

मेमरी खराब नसून अपुरी असेल, तर लक्षण निराळें. १९६२ सालीं मँचेस्टर येथें सुरू झालेल्या ‘ॲटलस’ संगणकानें मेमरीची उणीव फिरत्या चुंबकीय ढोलावरील साठ्यानें भरून काढली. परंतु ढोल मेमरीहून पुष्कळच संथ. ओढाताण फार झाली, कीं अशा यंत्राचा सारा वेळ ने-आण करण्यांतच जातो. पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं या अवस्थेची मीमांसा केली. एक काम उघडलें असतां चलाख आणि दहा उघडतांच बेजार, असा संगणक याच दुखण्याचा असतो.

उष्णतेचें दुखणें आणखी वेगळें. २००० सालीं निघालेल्या पेंटियम ४ या प्रोसेसरला फार तापल्यास आपण होऊन मंदावण्याची शिकवण होती. पुढच्या वर्षीं परीक्षकांनीं चालूं यंत्रांतील त्यावरचा उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा काढून घेतला, तेव्हां तो केवळ मंद झाला. त्याच काळचा दुसऱ्या कंपनीचा एक प्रोसेसर मात्र तशाच परीक्षेंत क्षणार्धांत जळाला. सुरू करतांना तल्लख असलेला संगणक अर्ध्या तासानें रेंगाळत असेल आणि पंखा घरघरत असेल, तर प्रथम आंतील धूळ काढावी.

सर्वांत घातक सोशीकपणा हार्ड डिस्कचा. एखादी जागा वाचतां आली नाहीं, तर ती पुन्हां पुन्हां प्रयत्न करते, आणि जमल्यास तेथील मजकूर राखीव जागेंत हलविते. घरच्या माणसाला इतकेंच दिसतें, कीं एक छायाचित्र उघडावयास अर्धें मिनिट लागलें. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदही ठेविते. पण त्या नोंदीवर सर्वस्वी विसंबतां येत नाहीं. २००७ सालीं गूगलच्या अभियंत्यांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणींत पहिला वाचनदोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळला. आणि बंद पडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख पूर्वसूचनांपैकीं एकही दिली नव्हती. आजच्या एसएसडींत फिरती तबकडी नसते, तरी चूक पोटांत घालण्याची रीत तिच्यांतही तीच आहे.

वैद्य आधीं निदान करतो आणि मग उपचार. मंद संगणकाच्या बाबतींत हा क्रम उलटा करावा लागतो. डिस्कविषयीं शंका येतांच घरचीं छायाचित्रें, पत्रें, हिशेब, मुलांचीं प्रमाणपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं. कारण संपूर्ण डिस्क तपासण्याचे श्रमही आजारी डिस्कला सोसतीलच, असें नाहीं. पंखा, मेमरी, प्रोसेसर हीं बाजारांत नवीं मिळतात. गेलेल्या आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र मिळत नाहीं. यंत्र मंद चालत आहे, म्हणजे तें अजून चालत आहे. या सवलतीचा उपयोग ती संपण्यापूर्वीं करून घ्यावा.