शून्य ऑक्टेनचं झाड

पंपावरचा ९१ किंवा ९५ हा आकडा पेट्रोलची ताकद सांगतो, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. खरं तर दाबाखाली पेट्रोल किती दम धरतं, एवढंच तो सांगतो.

ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाला पोचण्याआधीच तिथलं दाबलेलं मिश्रण आपणहून भडकलं, की पिस्टनवर घणाचे घाव बसतात. चढाला लागलेल्या गाडीची ती खडखड म्हणजे नॉकिंग. पण कुठलं पेट्रोल किती नॉक करतं, याचं सर्वमान्य माप नव्हतं. १९२६ साली अमेरिकेतल्या इथिल कॉर्पोरेशन या कंपनीच्या ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव निवडले. दम धरणारं आयसो-ऑक्टेन १००, लगेच भडकणारं हेप्टेन ०. चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकं नॉक करणारं पेट्रोल ते ९१ ऑक्टेनचं.

आयसो-ऑक्टेन प्रयोगशाळेत घडवावं लागलं. शुद्ध हेप्टेन मात्र झाडाने दिलं! कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या उंच उतारांवर जेफ्री पाइन वाढतो. त्याच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. इतर बहुतेक पाइनच्या राळेतून टर्पेंटाइन निघतं, याच्या राळेतून जवळजवळ निव्वळ हेप्टेन. दिसायला तो पाँडरोसा पाइनसारखाच, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात टर्पेंटाइन गाळणाऱ्यांनी चुकून याची राळ भट्टीवर चढवली की स्फोट व्हायचे. मोजपट्टीचं शून्य इतकं ज्वालाग्राही, आणि तेही जंगलातून आलेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पेट्रोल किती नॉक करतं, हे गाडी किती उंचावर आहे यावरही ठरतं. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब साधारण सहाव्या हिश्शाने कमी. सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी चढतो, नॉकिंगही कमी होतं. म्हणून रॉकी पर्वतातल्या पंपांवर साधं पेट्रोल ८५ चं मिळत आलं. (अमेरिकेतला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये.)

ही सवलत कार्ब्युरेटरच्या काळातली. आता संगणक उंचीनुसार ठिणगीची वेळ साधतो आणि टर्बो विरळ हवा पुन्हा दाबून भरतो. त्यामुळे उंचीने दिलेली सूट फारशी उरत नाही. माझ्या मते ८५ आता बंद व्हावं. तोवर गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलं असेल, तर डेन्व्हरमध्येही ८७ च भरावं. टाकीत ८५ असताना डोंगर उतरून कॅन्ससच्या सखल भागात गेलं, तर हवा दाट होत जाते आणि नॉकिंगचा धोका वाढतो.