ऑडिटरला बाद करायचं कुणी?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण आहे म्हातारपणाच्या पैशांचा.

आपल्याकडे जसा पीएफ, तसं ऑस्ट्रेलियात 'सुपर'. १९९२ पासून कामगाराच्या नावाने त्यात पैसे भरणं मालकाला सक्तीचं झालं. फंडाचे हिशोब नीट आहेत, याची खात्री ऑडिटरची सही देते. मग ऑडिटरच बेभरवशाचा निघाला तर?

१९९३ च्या सुपर कायद्याने त्याला अपात्र ठरवायचा अधिकार नियामकाला दिला. आदेश पटला नाही, तर आधी नियामकाकडेच फेरविचार मागायचा, मग ट्रायब्युनलकडे जायचं. गंमत बघा, ट्रायब्युनलने नेमकं काय तपासायचं हे ठरलं १९७९ च्या ड्रेक खटल्यात, आणि तो खटला होता हद्दपारीचा! फेडरल कोर्टाने सांगितलं, अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता का एवढंच पाहू नका. तुमच्यासमोरच्या पुराव्यावर योग्य निर्णय कोणता, ते ठरवा. म्हणजे सगळं पुन्हा तपासायचं, नवा पुरावाही घ्यायचा. त्यापुढे फेडरल कोर्टात मात्र फक्त कायद्याच्या मुद्द्यावर अपील.

पण दाद मागितली म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळाली नाही, तर ऑडिटर जिंकेपर्यंत त्याचे क्लायंट दुसरीकडे गेलेले असतात.

२००८ मध्ये संसदेने मोठ्या फंडांसाठी हा क्रम उलटा केला. आता नियामकानेच फेडरल कोर्टात जायचं, पुरावे मांडायचे आणि अपात्र ठरवायचं ते कोर्टाने. ऑडिटरला संरक्षण मिळालं, पण तारखा पडत राहिल्या तर वाट बघण्याची जोखीम सभासदांकडे सरकते.

लोक स्वतःच चालवतात त्या छोट्या फंडांसाठी मात्र जुनीच वाट राहिली. २०१३ पासून त्यांच्या ऑडिटरना 'असिक' या नियामकाकडे नोंदणी करावी लागते. दोघांनी एकमेकांच्या फंडांचं ऑडिट केलं, तर स्वतंत्रपणा राहिला कुठे? अशा कारणांवरून असिक स्वतः कारवाई करतं, आणि मग ट्रायब्युनल. २०२४ मध्ये जुन्या ट्रायब्युनलच्या जागी नवं आलं, वाट तीच.

म्हणजे एकाच कायद्यात दोन रस्ते. खरा प्रश्न उशिराची किंमत कुणी मोजायची, हा आहे. मला विचाराल तर छोट्या फंडात ऑडिटर सोडून बाहेरून बघणारं जवळजवळ कुणीच नसतं, त्यामुळे तिथे 'आधी आदेश, मग दाद' पटतं. अट एकच, स्थगितीचा अर्ज लगेच ऐकला गेला पाहिजे.

पुढच्या भागात मुंबईत येऊ. आयएल अँड एफएसच्या ऑडिटरांवरची कारवाई २०२० मध्ये हायकोर्टाने रद्द केली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, त्याची गोष्ट. भेटूया!