कर अधिक, फळ उणें

अमेरिकेंतील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक घटकास 'शाळा-जिल्हा' म्हणतात. बहुधा लोकांनीं निवडलेलें मंडळ, त्यानें नेमलेला अधीक्षक आणि घरजमिनीवरील कर हे त्याचे आधारस्तंभ होत. आपल्या मुलांच्या शिक्षणाचीं सूत्रें आपल्याच हातीं असावींत, हें यामागील तत्त्व उदात्त खरें. परंतु सर्वांची जमीन सारख्या मोलाची नसते.

टेक्सस राज्यांत सॅन अँटोनियो भागांत १९६७-६८ सालीं एजवुड या गरीब वस्तीच्या जिल्ह्यांत शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता. धनिकांच्या अलामो हाइट्समध्यें अवघा ०.८५ डॉलर. तरीहि राज्ययोजनेचा हिस्सा देऊन दर मुलामागें एजवुडच्या हातीं करांतून २६ डॉलर उरले, अलामो हाइट्सच्या हातीं ३३३! सरकारी मदत धरूनहि एकूण रकमा ३५६ व ५९४ डॉलरच झाल्या.

एजवुडच्या पालकांनीं १९६८ सालीं दावा लावला. १९७३ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळला. पुढें १९८९ सालीं टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयानें ही पद्धति राज्यघटनेविरुद्ध ठरविली.

दरम्यान मोजमापाचा आग्रह वाढला. २००२ च्या कायद्यानें तिसरी ते आठवीपर्यंत वाचन व गणित यांची वार्षिक परीक्षा आवश्यक केली. २०१५ सालीं तो कायदा बदलला, परीक्षा मात्र राहिली.

परीक्षा अवश्य घ्यावी. पण मुलाच्या उत्तरपत्रिकेशेजारीं त्याच्या जिल्ह्याची जमाखर्चाची वहीहि उघडी ठेवावी. नाहींतर जमिनीचें दारिद्र्य मुलाच्या बुद्धीच्या खातीं मांडलें जाईल.