संत बहिणाबाई : एका परागंदा संसाराची साक्ष

हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी हे गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या सीमाभागातील सासुरवाशिणीची कथा निराळी सांगावयास नको. माहेरची जात्यावरची ओवी मराठी, सासरच्या शेजारणीची हाक कानडी, कचेरीतल्या जुन्या दस्तऐवजाची भाषा उर्दू. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळी निलंगा व उदगीर हे तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत. निलंग्याकडून दुबलगुंडीस नांदावयास आलेली मुलगी जिल्हा ओलांडीत नसे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. निलंगा मुंबई राज्यात गेला आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात. तुळशीवृंदावनापाशी रोजच्यासारखा दिवा लावणारी ती सून घराचा उंबरठाही न ओलांडता परमुलखाची ठरली.

अशा स्त्रियांविषयी लिहावे असे आमच्या मनात आले, तेव्हा पहिली अडचण पुराव्याची. आमचा व्यवसाय वकिलीचा; जुने कागद चाळण्यात आमचे आयुष्य चालले आहे. त्या कागदांत स्त्री भेटते ती बहुधा अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई म्हणून. माहेर सुटताना तिला काय वाटले, हे कोणत्या फेरफारात लिहिलेले असणार? हुमनाबादजवळच माणिकनगर आहे. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली दत्तजयंतीस लाडवंतीस झाला, १८६५ साली ते समाधिस्थ झाले, ही माहिती भाविकांस पाठ असते. त्यांच्या मातोश्री बयादेवी यांचे नाव आपण आदराने घेतो. परंतु त्या माउलीचे स्वतःचे शब्द आपल्यापाशी नाहीत. आपल्या कोकणी बांधवांचीही स्थिती याहून वेगळी नाही. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या देवांच्या मागोमाग चूल मोडून, तान्हे मूल कडेवर घेऊन ज्या स्त्रिया निघाल्या, त्यांच्यापैकी एकीचे तरी मनोगत आपण जपले आहे काय?

म्हणूनच सतराव्या शतकातील एका स्त्रीची साक्ष आम्हांस अमोल वाटते. तिचे नाव संत बहिणाबाई. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या निराळ्या. या बहिणाबाईंचा जन्म १६२८ च्या सुमारास वेरूळजवळच्या देवगावी एका कुलकर्ण्याच्या घरी झाला. वडिलांचे नाव आऊजी, आईचे जानकी. समज येण्यापूर्वीच तिचे लग्न लागले. नवरा तिशीतला, पाठक घराण्यातील, बिजवर. मुलगी नऊ वर्षांची झाली असेल नसेल, तोच भाऊबंदकी आणि कर्ज यांच्यापायी आईवडील, जावई आणि ही चिमुरडी असे सारे कुटुंब रातोरात घर सोडून निघाले. ज्याला आपण परागंदा होणे म्हणतो ते हेच.

पुढचा प्रवास तीर्थयात्रेचा की पोटासाठी केलेल्या भ्रमंतीचा, हे निवडून सांगणे कठीण. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूरचा महादेव झाला, रहिमतपूरला काही काळ मुक्काम पडला. शेवटी हे कुटुंब कोल्हापुरास एका वैदिक ब्राह्मणाच्या आश्रयास येऊन राहिले. तेथे नवऱ्यास एक सवत्स गाय दान मिळाली. त्या वासराला बहिणाबाईचा लळा असा लागला की ती पाण्यास गेली तरी ते मागे, कीर्तनास गेली तरी मागे. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनास दाटी झाली म्हणून लोकांनी वासरू बाहेर घालविले; ते हंबरू लागले, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणविले आणि वासराच्या व त्या मुलीच्याही मस्तकावर हात ठेवला. ही गोष्ट नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिला बेदम मारले आणि बांधून ठेविले. गाय व वासरू यांनी वैरण-पाणी सोडले. काही दिवसांनी वासरू गेले, आणि त्याच्या शोकात बेशुद्ध पडलेल्या बहिणाबाईला तुकोबांचे दर्शन घडले.

ब्राह्मणाच्या बायकोने देहूच्या वाण्याला स्वप्नात गुरू केले, ही वार्ता गावभर झाली. नवऱ्याला ती लाजिरवाणी वाटली. पत्नी गरोदर असता तिला टाकून निघून जाण्याचा त्याने निश्चय केला. पण तोच तो आजारी पडला. ती उशाशी बसून राहिली. त्या दुखण्यात त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस निघाले. ती गायही बरोबर होती.

देहूसही सुख वाट पाहत उभे नव्हते. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने या कुटुंबास आपले शिष्य होण्यास सांगितले. त्यांनी नाकारले तेव्हा त्याने छळ मांडला आणि त्या मुक्या गाईलाही बांधून मारले. याच देहूत बहिणाबाईला कन्या झाली, तिचे नाव काशी. पुढे पुत्र झाला, त्याचे नाव विठ्ठल. आणि कवित्वाची स्फूर्तीही तिला येथेच झाली.

आम्ही हे सर्व सांगतो आहो ते कोणा चरित्रकाराच्या आधारे नव्हे. ‘आत्मनिवेदन’ या नावाने तिने स्वतःच ते अभंगांत सांगितले आहे. साक्षीदाराची परीक्षा कशी करतात, हे आम्हांस व्यवसायाने शिकविले आहे. जो स्वतःस गैरसोयीचे तेही सांगतो, त्याच्या बोलण्यास वजन असते. बहिणाबाई नवऱ्याची मारहाण लपवीत नाही, आणि त्याला शिव्याशापही देत नाही. पतिव्रताधर्मावर तिचे अभंग आहेत, आणि खरा ब्राह्मण कोणता याचा विचार करणाऱ्या ‘वज्रसूची’वरही आहेत. पतीची आज्ञा मोडवत नाही आणि विठोबा सोडवत नाही, या दोन धर्मांच्या कात्रीत ती जन्मभर राहिली. यातील एक धर्म टाकून देणे कदाचित सोपे गेले असते. तिने दोन्ही उरावर वागविले आणि त्याची वेदना शब्दांत ठेविली. आजच्या वाचकास तिचा पतिधर्म पटेलच असे नाही. आम्हांसही तो सगळा पटत नाही. ते दुःख आपण भक्तीच्या गोडव्याखाली झाकू नये. तिने स्वतः ते झाकलेले नाही.

उत्तरायुष्य तिचे वैजापूरकडील शिऊर गावी गेले. १७०० साली अंतकाळ जवळ आल्याचे जाणून तिने परगावी गेलेल्या विठ्ठलास बोलावून घेतले आणि आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली. मरणसमयीच्या जबानीला कायदाही मान देतो. पूर्वजन्मांची हकीकत मात्र कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी जिला या जन्मी गावोगाव फिरावे लागले, तिने मुलाला जवळ बसवून आपला सगळा प्रवास, जन्मांतरींचासुद्धा, त्याच्या हवाली केला, यातला मायलेकरांचा जिव्हाळा कोणास समजणार नाही? वारकरी संप्रदायाला मंदिराची उपमा देऊन ज्ञानोबा ते तुकोबा अशी संतांची परंपरा मांडणारा प्रसिद्ध अभंग याच माउलीच्या नावावर आहे. तिची गाथा विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाली आणि १९२९ साली जस्टिन ॲबट यांनी तिच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मिटलेला तो आवाज असा समुद्रापार गेला.

बहिणाबाईसारखी प्रतिभा घरोघर नसते. परंतु प्रवास घरोघर असतो. दुबलगुंडीत, हुमनाबादेत, तसेच फोंड्यात आणि कारवारात, परक्या भाषेच्या गावी येऊन त्या गावच्या देवाला आपला मानणाऱ्या वृद्धा अजून आपल्यात आहेत. त्या गेल्या की सुतकाचे दिवस संपतात, फोटोला हार पडतो, आणि त्यांच्या माहेरचे गावही नातवंडांस सांगता येत नाही. देवळांच्या वह्यांतून देणगीदारांची नावे आपण काळजीपूर्वक लिहितो. त्याच वहीची चार पाने या स्त्रियांसाठी राखावी. त्यांचे नाव, माहेरचे गाव, कोणत्या वर्षी आल्या, येताना कोणता देव पदरात बांधून आणला, कोणती ओवी अजून आठवते, एवढे त्यांच्याच तोंडून ऐकून, मराठीत किंवा कोकणीत, जसे त्या बोलतील तसे उतरून घ्यावे. बहिणाबाईंनी आपली साक्ष आपणच लिहिली. इतरांची लिहून घेणे हे आता आपले काम आहे.